हात लावायचा नाही

मी बोलतोय. ऐकू येतंय ना? एवढं एक वाक्य म्हणायला मला अडतीस वर्षं थांबावं लागलं, त्यामुळे आज जरा जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

मी व्हॉल्व्हचा रेडिओ. लाकडी पेटी, पुढे सोनेरी कापड, आकड्यांची काचेची पट्टी आणि खाली दोन मोठी बटणं. पोटात पाच काचेचे दिवे आहेत, त्यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. ते तापल्याशिवाय मला आवाज फुटत नाही. तुमचे मोबाईल बोट लावलं की बडबडायला लागतात. माझं तसं नाही. बटण फिरवल्यावर अर्धं मिनिट मी गप्प असतो. हे अर्धं मिनिट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

माझा जन्म मुंबईतला. सुरुवातीची वर्षं गिरगावात एका कारकुनाच्या घरी मजेत गेली. मग खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले आणि मला जुन्या बाजाराची वाट दाखवली गेली. तिथून मला उचललं गिरणीत काम करणाऱ्या आबांनी. गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, त्यांनी मला रत्नागिरीकडच्या आपल्या गावी आणलं. गावात त्याच साली वीज आली होती. बौद्धवाडीत दुसरा रेडिओ नव्हता. संध्याकाळी अख्खी वाडी घरासमोरच्या खळ्यात येऊन बसायची. शहरात मला कोणी विचारत नव्हतं, इथे मात्र माझा तोरा काय सांगू.

आबा वर्षातून दोनदाच घरी येत. मुंबईला परत जाताना त्यांनी मला आपल्या मुलीच्या हवाली केलं. तुळसा तेव्हा चौदा वर्षांची होती. वाडीत सातवीपर्यंत शिकलेली ती पहिली मुलगी. पट्टीवरचे आकडे तिला पाठ होते. भांडी घासून आली की आधी हात कोरडे करायची, मग इतक्या हलक्या हाताने बटण फिरवायची की कोणतंही स्टेशन तिच्याकडून कधी निसटलं नाही. माझ्यावर तिचाच हात चालायचा आणि मला तो फार आवडायचा.

तिचा धाकटा भाऊ रामजी नऊ वर्षांचा. माझ्या पोटात तांबूस उजेड कसला पडतो, हे त्याला बघायचं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी घरातली मोठी माणसं काजूच्या बागेत गेली असताना त्याने माझं मागचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. पट्टीवरचा काटा ज्या दोऱ्याने सरकतो, तो दोरा पट्कन तुटला. रामजीने झाकण होतं तसं लावलं आणि पळाला.

संध्याकाळी तुळसाने बटण फिरवलं. काटा हलेना. आबा रजेवर आलेले, समोरच बसलेले. सगळ्या वाडीदेखत त्यांनी पाहिलं की बटणावर हात तुळसाचा आहे. त्यांनी तिला मारलं नाही. नुसतं म्हणाले, "आजपासून तू हात लावायचा नाय."

रामजी खांबाआड उभा होता. तो काही बोलला नाही. रत्नागिरीच्या मेकॅनिकने दोऱ्याला गाठ मारून मला दुरुस्त केलं आणि आबांनी माझी जबाबदारी रामजीला दिली. कहर म्हणजे ज्याने चूक केली, त्यालाच बक्षीस मिळालं. जगभरच्या बातम्या मी त्या वाडीला सांगितल्या, पण डोळ्यांदेखत घडलेली ही एक गोष्ट मला सांगता आली नाही. याचं दुःख मला आजही आहे.

तुळसा लग्न होऊन मुंबईकडे गेली. माहेरी आली तरी उंबऱ्यापाशी बसून ऐकायची, जवळ यायची नाही. पुढे आबा गेले. एका पावसाळ्यात मीही मुका झालो, घरात टीव्ही आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे कुंभारमाशीने माझ्या स्पीकरवर मातीचं घर बांधलं. ती तरी सोबतीला होती.

गेल्या वर्षी रामजी मुंबईच्या ऑफिसातली शिपायाची नोकरी संपवून गावी परतला. साठीचा, डोक्यावर केस नाहीत, डोळ्यांवर चष्मा. पण त्याने मला माळ्यावरून खाली काढलं तेव्हा त्याच्या बोटांना तीच जुनी खाज होती. मोबाईलवर व्हिडिओ बघून रेडिओ दुरुस्त करायचा, असं त्याने ठरवलं होतं. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

भीती खरी ठरली. त्याची बायको सुंदराबाई म्हणाली, "अवो, पावसाची ओल धरली आसंल, उन्हात टाका." आमच्याकडे ओल धरलेल्या प्रत्येक वस्तूला हाच उपाय. मग काय, खळ्यात एका चटईवर कोकमाची सोलं आणि शेजारी मी. दुपारपर्यंत माझ्या ट्रान्सफॉर्मरमधलं मेण पाघळलं आणि पेटीच्या कोपऱ्याची लाकडी पापडी उचलली गेली. रामजीने ती सरस लावून चिकटवली आणि वर वरवंटा ठेवला. मग त्याने आणखी एक पराक्रम केला. मला सरळ प्लगला लावलं. ठो आवाज झाला, धूर निघाला आणि घराचा फ्यूज उडाला.

सुंदराबाई पंख्यावाचून बसली आणि त्याला जे बोलली, ते मी प्रसारित करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माझं सगळं आतडं पेटीबाहेर काढलं आणि कुंचल्याने धूळ झाडायला घेतली. झाडता झाडता त्याचा हात थांबला. दोऱ्यावर ती जुनी गाठ तशीच होती. दोरा कुजला होता, बोट लागताच तुटला. रामजीने गाठीचा तुकडा उचलून अंगठ्याने पुसला. मग त्याने तो रिकाम्या काडेपेटीत ठेवला आणि सुंदराबाईला पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

ती म्हणाली, मग फोन करून सांगा की नणंदेला.

"फोनवर नाय," रामजी म्हणाला. "आदी ह्येला बोलता करतो, मग मी बोलतो."

तुळसा बुद्धपौर्णिमेला येणार होती. गुडघे साथ देत नाहीत, आता ही शेवटचीच फेरी, असं तिने कळवलं होतं. हातात तीन आठवडे होते. माझं मुकेपण आता माझ्या एकट्याचं राहिलं नव्हतं.

रामजी रत्नागिरीला जाऊन बाजारातल्या म्हाताऱ्या काझीभाईंना भेटला. त्यांनी जन्मभर रेडिओच दुरुस्त केलेले. सरळ प्लगला लावल्याचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. मग दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, तारेच्या वाटेत सिरीजला एक साठ वॅटचा बल्ब लावायचा. तो भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद झाला तर ठीक. दुसरी, प्लग काढला तरी कंडेन्सर वीज धरून ठेवतात, म्हणून आधी ते रिकामे करायचे आणि आत हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा. रामजीच्या लुंगीला खिसा नव्हता. शाळेत शिक्षा झाल्यासारखा एक हात पाठीमागे धरून तो काम करायचा आणि मला हसू आवरायचं नाही.

जुने मेणाचे कंडेन्सर त्याने एकेक करून बदलले. तारा जोडायला डाक देताना सुरुवातीला कथलाचे गोळे होत आणि बोटं भाजत. पण हात बसत गेला. पौर्णिमेला चार दिवस राहिले तेव्हा त्याने बल्ब लावून पहिली चाचणी घेतली. बल्ब भगभगून पेटला. रामजीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन त्याने एकेक सांधा तपासला, तेव्हा कळलं की नवा मोठा कंडेन्सर त्याने उलटा जोडलाय. तो सरळ केला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. माझे व्हॉल्व्ह तांबूस झाले. अंगात ऊब भरली. आणि मग, काय सांगू, माझ्या घशातून खर्रर्र आवाज निघाला. नुसती खरखर, पण माझी स्वतःची.

रामजी लुंगी सावरत खळ्यात धावला आणि फणसावर एरियलची तार बांधून आला. सुंदराबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून बघायला आली. भाकरी करपली, पण त्या दिवशी कोणी तक्रार केली नाही.

दोरा तेवढा राहिला होता. नायलॉनची दोरी घसरत होती, काटा जागचा हलत नव्हता. शेवटी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन रामजीने जाळं विणायचा पिळाचा दोरा आणला. तो दोरा नीट बसला. त्यात कुठेही गाठ नव्हती. पेटीला झाकण लागलं आणि त्याच दुपारी तुळसा दारात आली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली, खीर वाटली गेली. तुळसा उंबऱ्यापाशी जाऊन बसली, तिच्या जुन्या जागी. रामजीने तिला हाताला धरून आणलं, माझ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि बटण फिरवलं. माझं अर्धं मिनिट सुरू झालं. त्याने सदऱ्याच्या खिशातली काडेपेटी काढून तिच्या हातात ठेवली.

"ताय, तो दोरा मी तोडला होता. आळ तुज्यावर आला न् मी गप बसलो."

तुळसाने काडेपेटी उघडली. गाठ बोटाने चाचपली. वर पाहिलं नाही. माझे व्हॉल्व्ह तापत आले होते. आजवर मी लवकर बोलता यावं म्हणून धडपडलो, पण त्या क्षणी वाटलं, अजून थोडा वेळ आवाज फुटू नये.

तो फुटलाच. काटा दोन स्टेशनांच्या मध्ये कुठेतरी होता, नुसती खरखर चालली होती. सवयीने रामजीचा हात बटणाकडे गेला.

"थांब," तुळसा म्हणाली. "तू हात लावायचा नाय."

रामजीचा हात तिथेच राहिला. तिने काडेपेटी कमरेला खोचली, पदराला दोन्ही हात कोरडे केले आणि बटण धरलं. बोटं वाकडी झाली होती, पण हात तोच होता, हलका. काटा सरकत गेला आणि रत्नागिरी केंद्र लख्ख लागलं. भाताचं बियाणं पेरणीआधी मिठाच्या पाण्यात कसं बुडवावं, हे कोणीतरी समजावून सांगत होतं. ती माहिती मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधीच सांगितली नव्हती. तुळसा रडत होती आणि ऐकतही होती. रामजी तिच्या पायाशी जमिनीवर बसला होता.

ती आठ दिवस राहिली आणि आठही दिवस बटण तिच्याच हातात होतं. आता ती मुंबईला परत गेली आहे. मी ओटीवर असतो, पुसलेला, झाकलेला. पेटीचा कोपरा अजून जरा उचललेला आहे, पण आवाज दणदणीत आहे. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कोणी पडला असेल तर त्याला खाली काढा. उन्हात टाकू नका. बल्ब लावायला विसरू नका. आणि तो बोलायला लागला की घरात ज्या माणसाला कधी हात लावू दिला नाही, त्याला आधी बोलवा.

सहा वाजत आले. रामजी रोजच्यासारखा मोबाईल कानाला लावून माझ्यासमोर उभा आहे.

"ताय," तो विचारतोय, "लावू काय?"

कधीकधी ती मुद्दाम उशिरा उत्तर देते. मग आम्ही दोघंही थांबतो.