प्रिंटरचा फोल्डर

सोमवारी सकाळी नऊ वाजता मला कामावर हजर व्हायचं होतं. हजर म्हणजे आमच्याच हॉलमधल्या टेबलाशी. मालाडच्या एका आर्किटेक्टकडे मी ड्रॉइंग करते. अबोली झाल्यापासून आठ महिने रजेवर होते, आता मुलुंडच्या घरूनच करायचं ठरलं होतं. पण ऑफिसनं घेतलेलं नवं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या विंडोजला चालेना, आणि नवी घालायला गेलं की तो सांगायचा, जागा नाही. डिस्क एकशे अठ्ठावीस जीबीची. सी ड्राइव्हची पट्टी कधीपासून लालच होती.

"सगळं पुसून कोरी विंडोज टाकू," यज्ञेश म्हणाला. "रविवारची एक दुपार. तू फक्त अबोलीला बघ."

माझा नवरा या कामात फार हुशार नाही, पण चिकाटीचा आहे. त्यानं एका पेनड्राइव्हवर नवी विंडोज तयार केली. दुसरा चौसष्ट जीबीचा, त्यावर ठेवण्यासारखं सगळं काढायचं. मी मनात ठरवलं होतं, अबोली झोपली की एक फोल्डर मी स्वतः घेईन, यज्ञेश चहा करायला उठेल तेवढ्यात.

तो फोल्डर सी ड्राइव्हवर होता, आमच्या जुन्या प्रिंटरच्या फोल्डरच्या पोटात. नाव 'न्यू फोल्डर'. दुसरं काय घालणार? बारसं बाराव्या दिवशी करायचं होतं आणि तो नवव्या दिवशी गेला.

अबोलीच्या आधीचा. एक किलो शंभर ग्रॅमचा. काचेच्या पेटीत होता, आत फक्त आईला सोडत. यज्ञेश बाहेर औषधं आणि रक्त यांच्यामागे धावत होता, त्याला जे दिसलं ते काचेतून. फोन आत न्यायचा नसायचा, पण संघमित्रा सिस्टर म्हणाल्या, मी पाठ फिरवते, तू काढ पटकन. बेचाळीस फोटो आणि तीन व्हिडिओ.

मी घरी आले तेव्हा त्याची दुपटी, टोपडी, हॉस्पिटलची फाइल, काही नव्हतं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सगळं देऊन टाकलं होतं. "त्याचं काही घरात ठेवू नये गं. पुढच्याला त्रास होतो," त्या म्हणाल्या होत्या, माझ्या केसांना तेल लावता लावता. रागानं नाही. नंतर यज्ञेशनंही विचारलं, "फोटो काढून टाकलेस ना?" मी हो म्हटलं. लॅपटॉपवर घेऊन फोनवरून खरंच काढले, कारण फोनमधले फोटो आपोआप घरच्या अकाउंटवर चढतात आणि 'मागच्या वर्षी याच दिवशी' म्हणून आईंच्या फोनवर उघडतात.

त्या रविवारी अबोलीच्या हिरड्या शिवशिवत होत्या. ती मांडीवरून उतरेना. खाली ठेवलं की डोळे टक्क उघडे. अडीचला कशीबशी झोपली. मी हळूच बाहेर आले तर लॅपटॉपवर नव्या विंडोजची जांभळी स्क्रीन, आणि यज्ञेश खुशीत.

"सगळं घेतलं. पेनड्राइव्ह काठोकाठ. सी आणि डी दोन्ही उडवतो, एकच मोठा करतो. बघ, तीन क्लिकमध्ये."

आई समोर मेथी निवडत बसल्या होत्या.

"सीमधलं घेतलंस?" मी विचारलं.

"सीमध्ये काय असतं? विंडोज. आणि तुझा तो प्रिंटर, जो दिवाळीत भंगारात गेला."

"त्याचा फोल्डर घेतलास?"

"प्रिंटर नाही आणि फोल्डर कशाला गं?" तो हसला. "आई, ऐकलंस? ही रिकामा डबासुद्धा टाकत नाही."

"डबे लागतात रे," आई म्हणाल्या.

त्यानं स्क्रीनवरच्या ड्राइव्हच्या यादीतली एक ओळ निवडली. खाली 'डिलीट' उजळलं. "दाबू?"

आईंना आत पाठवावं असं वाटलं. अबोली रडतेय बघा, म्हणावं. पण अबोली रडत नव्हती.

"यज्ञेश, थांब. त्यात बाळाचे फोटो आहेत."

"अबोलीचे? ते सगळे घेतले."

"अबोलीचे नाही."

आईंच्या हातातली काडी तशीच राहिली. यज्ञेशनं माऊसवरचा हात उचलला, जसा तव्यावरून उचलावा.

"तू हो म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

"दोन वर्षं?"

आई उठल्या. मेथीचं ताट टेबलावर ठेवलं. "अबोली एकटीच आहे आत," एवढंच म्हणाल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या. दार लोटलं नाही. आतून थोपटण्याचा आवाज यायला लागला. झोपलेल्या पोरीला.

यज्ञेशनं विंडोजचा पेनड्राइव्ह काढला आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. जुनी विंडोज कण्हत कण्हत उघडली. प्रिंटर, मग न्यू फोल्डर. अर्ध्या जीबीच्या वर. भरलेल्या पेनड्राइव्हवर तेवढीसुद्धा जागा नव्हती.

"फोनवर घेऊ?"

"तिथे नको. माझा भरलाय. जागा करायची तर अबोलीचे व्हिडिओ काढावे लागतील." एकाची जागा करायला दुसऱ्याचं पुसायचं, हे मी या दोन वर्षांत किती वेळा मनात केलं असेल.

त्यानं पेनड्राइव्ह चाळला. आमच्या लग्नाचा व्हिडिओ नऊ जीबीचा होता. "हा कोण बघतंय," म्हणत त्यानं तो काढून टाकला. मला थांबवावंसं वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं.

कॉपी सुरू झाली. तो स्क्रीनकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता. पंचेचाळीस फायली पुऱ्या झाल्या.

"सगळे आले का, एक उघडून बघ," मी म्हटलं. "नाहीतर उद्या उघडायचेच नाहीत."

"तू बघ."

"मी पाठ केलेत, यज्ञेश."

त्यानं शेवटचा व्हिडिओ उघडला. चौदा सेकंदांचा. आधी यंत्राचं टुक टुक, हॉलभर. मग माझाच आवाज, दबका, 'इकडे बघ ना रे सोन्या.' आणि त्यानं एक डोळा उघडला होता, उजवा, जरासा.

आतलं थोपटणं थांबलं.

यज्ञेश आवाज कमी करायला गेला तोवर व्हिडिओ संपलाच. तो काही वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिला.

"डोळे उघडायचा, हे मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"एकदाच. सातव्या दिवशी."

आई दारात आल्या होत्या. बाहेर आल्या नाहीत, आतही गेल्या नाहीत. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं की भिंतीकडे, मला कळलं नाही.

"झालं असेल तर बंद करा ते," त्या म्हणाल्या. मग तेवढ्याच कोरड्या आवाजात, "नाक आमच्याकडचंच होतं."

यज्ञेशनं पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. टेबलावर नाही ठेवला. सव्वातीन झाले होते, सकाळी नऊपर्यंत विंडोज घालायचीच होती. विंडोजचा पेनड्राइव्ह लावून तो परत त्या यादीवर आला, सीची ओळ निवडली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच दाब."