उठताच मिटणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. पण घरातल्या खुर्च्यांसारखी स्वयंपूर्ण नव्हे. माझी घडण झाली ती चित्रपटगृहातल्या एका लांब रांगेसाठी. मला हात एकच, डावा. उजवीकडचा हात शेजारणीचा. तो आम्ही दोघी वाटून घेत असू. माझी बैठक स्प्रिंगची. माणूस उठला, की ती ‘खट’ असा आवाज करून आपोआप मिटते. त्या भरल्या रांगेत एकटेपण कशास म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते.

पुढे चित्रपटगृह पाडले गेले. माझ्या भगिनी भंगारात गेल्या. मला मात्र एका गृहस्थांनी उचलून आणले आणि सुताराकडून लाकडी पाय बसवून घेतले. हे गृहस्थ पटकथा तपासून देत. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी कागदावर लिहिला जातो, ती पटकथा. तिच्यात काही दुखणे आहे का, हे निर्माते आधी यांना विचारीत. म्हणून सारे त्यांना ‘वैद्यबुवा’ म्हणत.

त्यांची नाडीपरीक्षा आगळी होती. लेखकाने समोर बसून पटकथा मोठ्याने वाचायची आणि वैद्यबुवांनी माझ्यावर बसून ऐकायची. मन उडाले, की ते मुकाट्याने उठत. मी खट करी. लेखक त्या पानाचा कोपरा दुमडी.

“अहो, पुढे फार रंगतं!” एखादा काकुळतीने म्हणे.

“रंगत असेल हो. पण प्रेक्षक थांबलाय कुठे? तो गेला ना घरी!”

एक निर्माता तर म्हणाला, “बुवा, तुम्ही राहू द्या, ही खुर्चीच नेतो.”

“न्या की! पण प्रामाणिकपणे उठणारा माणूस कुठून आणाल?”

त्या खोलीत मला शेजारीण नव्हती. तरी कोणी तरी बसत होते, एवढ्यावर मी समाधान मानले.

मग वैद्यबुवा गेले. काम त्यांच्या लेकीने चालविले. ती बुद्धिमान, कष्टाळू. पण पटकथा आता संगणकावर येत, आणि अभिप्रायही तसाच परत जाई. वाचून दाखवायला कोणी येईना. माझ्यावर जुन्या पटकथांचे गठ्ठे रचले गेले. त्यांच्या भाराने मी अष्टौप्रहर उघडी राहिले, स्प्रिंग गंजली. कोणी बसलेले नाही आणि मिटताही येत नाही, मित्रांनो, असे ते दिवस होते.

एके सकाळी एक वृद्ध लेखक आले. तरुणपणापासून ते येथेच वाचीत असत. त्यांच्या नव्या पटकथेला लेकीने प्रतिकूल अभिप्राय लिहिला होता, आणि संध्याकाळी तो वाचून निर्माता निर्णय घेणार होता.

“काका, मध्यावर कथा पार बसते हो. दोनदा वाचली मी.”

“वाचलीस, ऐकली नाहीस. पोरी, एकदा ऐक. मग खुशाल नाही म्हण. चहासुद्धा न मागता जाईन.”

“तुम्ही? चहा न मागता? लिहून द्या!”

ती हसली, गठ्ठे उतरविले आणि माझ्यावर बसली. कित्येक वर्षांनी मला मनुष्याची ऊब लाभली. लेखक वाचू लागले. प्रथम तिच्या हातात फोन होता. थोड्या वेळाने तो पालथा पडला. मध्यावर मात्र, निघालेल्या मुलाला बाप लांबलचक उपदेश करतो तिथे, ती उठून खिडकीशी गेली. मी सारे बळ एकवटले. पण गंजलेली स्प्रिंग हलेना. आवाज झाला नाही.

लेखकांना पुढे वाचता आले असते. ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“इथे खट व्हायला हवं होतं.”

“काका, मी आपली सहज...”

“सहज कोणी उठत नाही. तुझे बाबा याच ओळीला उठले असते.”

त्यांनी पानाचा कोपरा दुमडला आणि सगळे भाषण खोडले. “बाप बोलणार नाही. नुसती पोराच्या बुटाची नाडी बांधेल.”

ते पुढे वाचू लागले. लेक पुन्हा बसली, ती शेवटच्या ओळीपर्यंत उठली नाही.

संध्याकाळी ती निर्मात्याला फोनवर म्हणाली, “माझा अभिप्राय मी मागे घेते. पण नवा लिहून पाठवणार नाही. तुम्हीच उद्या या आणि इथे बसून ऐका.”

मग तिने माझ्या स्प्रिंगला तेल दिले, एकदा बसून पाहिले आणि उठली. खट! ती तशीच उभी राहिली. मग डोळे पुसून, दार ओढून गेली.

मित्रांनो, वापरात नसलेल्या वस्तूवर ओझी रचू नका. आणि कोणी आपले लिहिलेले घेऊन तुमच्या दाराशी आले, तर त्यास घटकाभर बसून ऐका. कंटाळा आला तर अवश्य उठा. पण आधी बसा.

खोली आता रिकामी आहे. मीही मिटले आहे. पण मिटलेल्या खुर्चीला एवढे ठाऊक असते, की नुकतेच कोणी तरी बसून गेले.