जिन्याखालचा बोर्ड

वस्तीत सगळे त्यांना फ्यूजकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत वायरिंग केलं आणि त्यांनी बसवलेला एकही बोर्ड जळाल्याचं कुणाच्या कानावर आलं नव्हतं. पण काकांकडे लायसन नव्हतं. परीक्षा लेखी, आणि काकांची शाळा सहावीतच सुटलेली. त्यामुळे घाम काकांचा आणि कागदावर नाव ठेकेदाराचं, असंच कायम चाललं. ठेकेदार शेवटच्या दिवशी यायचा, खाली-वर एक नजर फिरवायचा आणि सही ठोकून जायचा. "सहीनं दिवा लागत नाही," काका म्हणायचे. म्हणायचे खरं, पण सही होताना ते दुसरीकडे बघायचे.

लेकीनं मात्र ती परीक्षा पहिल्या झटक्यात काढली. लहानपणी बापाच्या पिशवीतला टेस्टर खेळणं म्हणून वापरणारी पोर आता लायसनवाली ठेकेदार झाली होती. आणि त्याच वर्षी, भाड्याच्या खोल्यांत उभा जन्म काढल्यावर, काकांचं स्वतःचं घर उभं राहिलं. खाली दोन खोल्या, वर एक, मधे जिना.

"इथलं वायरिंग मी करणार," काकांनी सगळ्यांना बजावलं. "कुणी हात लावायचा नाही."

"करा बाबा," लेक म्हणाली. "सही मी करते."

वीस दिवस काका एकटे खपले. मुख्य बोर्ड त्यांनी जिन्याखाली बसवला. बायकोला दर्शनी भिंतीवर तो डबा नको होता, आणि आजवर निम्म्या घरांत त्यांनी बोर्ड तिथेच दिला होता. काम झाल्यावर लेक टेप आणि बॅटरी घेऊन आली. जिन्याखाली वाकून शिरली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

आली ती केसांतलं जाळं झटकत. "बाबा, काम सोन्यासारखं आहे. पण जागा चुकली."

"काय चुकली?"

"वर न्हाणीघर आहे. त्याचा पाइप बरोबर बोर्डाच्या डोक्यावरून जातोय. समोर मीटरभर मोकळी जागा हवी, इथे हातभर नाही. आणि माणसाला सरळ उभं राहता येत नाही. नियमात बसत नाही हे."

काकांच्या कपाळाला आठी पडली. "तू जन्मायच्या आधीपासून मी जिन्याखाली बोर्ड देतोय. एक तरी जळाला?"

"नाही जळाला."

"मग?"

"मग काही नाही. पण सही मी करणार नाही."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. "अगं, बापाच्या घरावर सही नाही करायची, तर कुणाच्या करायची?"

"बापाचं घर आहे म्हणूनच, आई."

काकांना राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट म्हणजे लाज वाटली होती. ठेकेदारांनी आजवर न बघता सह्या केल्या. पहिल्यांदा कुणी नीट बघून नाही म्हटलं, आणि ती पोटची पोर निघाली!

लेकीनं वाद घातला नाही. ती आईला म्हणाली, "आई, एक काम कर. डोळे मिट. समज, घरात धूर झालाय, काही दिसत नाही. जा आणि मेन स्विच बंद कर."

"हा काय खेळ?"

"कर तर."

काकू पदर खोचून, डोळे मिटून निघाल्या. भिंत चाचपत जिन्यापर्यंत गेल्या. गुडघ्याचं दुखणं जुनं, त्यामुळे वाकताना एकदा थांबल्या. मग सिमेंटच्या उरलेल्या गोणीला पाय अडला आणि वरच्या पायरीवर डोकं खाडकन आपटलं. "अगं आई गं!" करत त्या तिथेच बसल्या. हात बोर्डापासून अजून वीतभर लांब होता.

काका धावले. बायकोला हाताला धरून बाहेर आणलं, टेंगूळ चोळलं. कपाळ धरूनही काकू म्हणाल्याच, "जन्मभर लोकांच्या घरी दिवे लावलेत, आणि माझ्या घरी हे दिवे लावलेत होय!"

लेक हसू दाबत होती. काका हसले नाहीत. जिन्याखालच्या त्या अंधाराकडे बघत राहिले. बोर्ड जळाला नव्हता हे खरं. पण त्या सगळ्या घरांत बोर्ड बंद करायला गुडघे दुखणारं कुणी वाकलं असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. वायरमन येतो, वाकतो, काम करून जातो. राहणारं माणूस तिथे राहतं.

"कुठे हवाय?" त्यांनी विचारलं.

लेकीनं पुढच्या दाराशेजारची भिंत दाखवली. छातीच्या उंचीवर, समोर मोकळं, विजेचा मीटरही पलीकडेच. "वायरी कमी पडतील. मधे एक जंक्शन बॉक्स देऊन जोड मारले तर चालेल. नियमात बसतं."

"तुझ्या नियमात बसत असेल," काका ताडकन म्हणाले. "माझ्या नाही. मधे जोड मी कुणाच्या घरी दिला नाही, माझ्या घरी देईन?"

पाच दिवस काकांनी भिंत फोडली, नवे पाइप बसवले आणि अकराच्या अकरा लाइनी नव्यानं, एकसंध ओढल्या. लेक रोज संध्याकाळी येऊन वायरी ओढू लागायची. एकदा तिनं आतला स्क्रू जोरात आवळला तशी काकांनी तिच्या बोटांवर हलकी चापटी मारली. "तांबं आहे ते, लोखंड नाही. चिरडू नकोस."

"हो गुरुजी," ती म्हणाली.

तपासणीला आलेले साहेब कडक होते. कुणाचंही घर सहज पास केलं असं त्यांच्याबद्दल कुणी सांगत नव्हतं. त्यांनी बोर्ड उघडला, एकेक वायर हलवून पाहिली, अर्थिंग मोजलं, विजेची गळती होताच बंद पडणारा ब्रेकर तीनदा बटण दाबून पाडून पाहिला. मग म्हणाले, "बोर्डाच्या दारावर नकाशा कुठाय? कुठला स्विच कुठल्या खोलीचा?"

लेकीनं जीभ चावली. नकाशा काढायचं काम तिचं होतं. तिथेच बसून तिनं तो काढला, काकांनी एकेक लाइन सांगितली, आणि काका त्या दिवशी पहिल्यांदा मनमोकळे हसले.

साहेब पुन्हा वायरींकडे वळले. सगळ्या एका ओळीत, एकाच वळणानं वळलेल्या, शाळेतल्या मुलींच्या वेण्यांसारख्या. "हे कुणी केलं?"

"फॉर्ममध्ये लिहिते," लेक म्हणाली. ठेकेदाराच्या रकान्यात तिनं सही केली. त्याखाली 'प्रत्यक्ष काम करणारा कारागीर' असा एक रकाना होता. काकांना तो असतो हेच माहीत नव्हतं. आजवर तो सगळ्यांनी कोराच सोडला होता. लेकीनं तिथे ठळक अक्षरांत बापाचं पूर्ण नाव लिहिलं.

साहेबांनी वाचलं. "नात्यातले?"

"वडील. मला शिकवलं त्यांनी."

"दिसतंय," साहेब म्हणाले, आणि शिक्का उमटवला.

ते गेल्यावर काकूंनी फॉर्मची प्रत काकांच्या हातात दिली. "वाचा की मोठ्यानं."

काकांनी चष्मा लावला, कागद दाराच्या उजेडात धरला. मग त्यांनी घसा खाकरला आणि शाळेत हजेरी देतात तसं, ताठ उभं राहून, स्वतःचं नाव वाचलं.