दवाखान्यात जायचे कपडे

छातीतली कळ पाठीत उतरली तरी व्हर्लीनबाई आरशापुढून हलेनात. चर्चला घालायचा निळा झगा त्यांनी अंगात चढवला होता आणि आता मोत्यांच्या माळेचा फासा लागत नव्हता.

"आई, अगं आहेस तशी चल ना!"

"या गाऊनवर? दारातच ठरवतील, आली काळी म्हातारी नशेच्या गोळ्या मागायला. शिकलीस एवढी, पण अक्कल नाही आली. लिपस्टिक दे इकडं."

लेकीनं, रोएनानं, लिपस्टिक दिली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकन गावात, त्यांच्या काळ्या लोकांच्या गल्लीची ही रीतच होती. इस्पितळात जायचं तर लग्नाला निघाल्यासारखं जायचं, हळू बोलायचं, विव्हळायचं नाही. व्हर्लीनबाईंची धाकटी बहीण घरच्या सपाता घालून गेली, तेव्हा तिला दारुडी समजून परत पाठवलं होतं. ती दुसऱ्या दिवशी वारली.

इमर्जन्सीच्या खिडकीतल्या गोऱ्या नर्सनं विचारलं, "किती दुखतंय? दहापैकी सांगा."

"असेल चारेक, मॅडम." व्हर्लीनबाई हसल्या.

"काहीतरीच सांगतेय ती!" रोएना म्हणाली. "गाडीत म्हणत होती, पाठ कुणीतरी उभी फाडतंय."

नर्सची नजर माळेवरून झग्यावर गेली. "छान दिसताय हो आजी! पार्टीला निघाला होतात वाटतं?" मग रोएनाकडे वळून ती म्हणाली, "इतकं दुखत असतं तर माणूस नटून येतं का? बसा. बोलावते."

रोएनानं आईच्या झग्याकडे पाहिलं. जे अंगावर चढवून यायला आईनं एवढा वेळ घालवला, तेच तिच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

त्या बसल्या. मागून एक गोरा माणूस फाटक्या चड्डीत, पोट धरून, शिव्या घालत आला. त्याला लगेच आत नेलं.

"शिकवलं नाही गं बिचाऱ्याला कुणी," व्हर्लीनबाई पुटपुटल्या. त्यांना घाम फुटला होता. त्यांच्या गडद तपकिरी चेहऱ्यावर राख फासल्यासारखी कळा आली होती. रोएना खिडकीकडे धावली.

"तिचा रंग उतरलाय. बघा तरी!"

नर्सनं मान उंचावून पाहिलं. "मला तर आहे तसाच दिसतोय."

मग मात्र रोएना ओरडली. आईनं आयुष्यभर ज्याची मनाई केली होती, तसं पोटातून ओरडली, "माझी आई मरतेय इथं!"

डॉक्टर आला नाही. आला तो पहारेकरी, तोही गोराच. एक हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवून तो मायलेकींच्या मध्ये उभा राहिला. "बाई, आवाज खाली. नाहीतर बाहेर काढावं लागेल."

त्याच्या खांद्यापलीकडं व्हर्लीनबाईंनी लेकीकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं. गप्प, गप्प. मग ते बोट घसरलं आणि मान कलली.

पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. "अरे, या कुणीतरी!" तो ओरडला. त्याच्या त्या एका हाकेला दार उघडलं आणि माणसं पळत आली.

व्हर्लीनबाईंनी आतच प्राण सोडला. बाहेर आलेला डॉक्टर पोरसवदा होता.

"हृदयाची मोठी रक्तवाहिनी आतून फाटत गेली होती," तो म्हणाला. "थोडं आधी कळायला हवं होतं. पण त्या इतक्या शांत बसल्या होत्या हो..."

त्याचे डोळे भरून आले होते. रोएना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आई शांत का बसली होती, हे त्याला खरोखरच कळलेलं नव्हतं.