नोंदवलेला नंबर

बँकेने मला खोटारडी ठरवलं, तेही अगदी गोड भाषेत. पत्रात लिहिलं होतं, "आपल्या नोंदवलेल्या नंबरवर संपर्क साधला असता, आपला घटस्फोट झालेला नाही व आपल्याला कोणतीही आर्थिक अडचण नाही, असे आपण स्वतः सांगितले. सबब कापलेले शुल्क परत करता येत नाही."

मी स्वतः सांगितलं? मी? शिलाईच्या दुकानात हातातली पॅन्ट तशीच मशीनवर टाकली आणि तडक बँकेत गेले. मालक मागून बडबडत होता. बडबडू दे म्हटलं.

प्रकरण काही मोठं गुंतागुंतीचं नव्हतं. माझं आणि नवऱ्याचं जोडखातं होतं आणि घराच्या कर्जाचा हप्ता त्यातून कापला जायचा. मी घर सोडलं आणि त्याने पैसे भरणं बंद केलं. माझा पगार मात्र तिथेच जमा व्हायचा. मग काय, हप्ता बाउन्स झाला म्हणून दंड, शिल्लक कमी म्हणून दंड, आणि तो सगळा भुर्दंड माझ्या पगारातून. तीन वर्षं. घटस्फोटानंतर वकीलबाईंनी सांगितलं, परिस्थितीचे कागद जोडून अर्ज कर, बँक हे परत देते. बेरीज केली तर नव्या खोलीच्या अनामतीपुरते पैसे निघत होते.

ती अनामत महिनाअखेरपर्यंत भरायलाच हवी होती. कोर्टाने पाठवलेल्या बाई आमच्या पोटमाळ्यावर येऊन गेल्या होत्या आणि स्पष्ट म्हणाल्या होत्या, "मुलीला राहायला धड जागा दाखवा, नाहीतर ताबा वडिलांकडे जाईल." माझी चिमणी सात वर्षांची आहे. वडिलांचं नाव काढलं की पलंगाखाली शिरते. तो बाहेर पडताना आम्हाला आत ठेवून दाराला कुलूप लावायचा, आतूनही किल्लीनेच उघडणारं. दुसरी किल्ली त्यानेच पहिल्या दिवसापासून पिठाच्या डब्यात तळाशी लपवलेली होती. डबा तो कधी रिता होऊ देत नसे; एके दिवशी पीठ तळापर्यंत संपलं आणि ती माझ्या हाताला लागली, म्हणून आम्ही सुटलो.

बँकेत अर्ज तपासणाऱ्या बाई गळ्यात चष्मा अडकवून बसल्या होत्या.

"अहो, मला फोन आलाच नाही!" मी म्हटलं.

"आला होता. तुम्ही बोललात. रेकॉर्डिंग आहे." त्यांनी मला नंबर दाखवला.

तो आमच्या जुन्या घरातल्या फोनचा नंबर होता. मला हसूच आलं. "बाई, हा फोन पाच वर्षांपूर्वी मेला. नवऱ्याने वायरीसकट भिंतीतून उपटला. मी मध्ये हात घातला, तर हे बघा." माझ्या डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकत नाही. डोक्यालाही लागलं होतं. तो अख्खा आठवडा माझ्या आठवणीतून पुसला गेलाय, फोन कशावरून उपटला तेही मला सांगता येत नाही.

बाईंनी संगणकावर रेकॉर्डिंग शोधलं. त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

"नाही हो, आमच्याकडे सगळं छान आहे."

आवाज माझा होता. शेवटचं ते छोटं हसूही माझंच. आईला, डॉक्टरांना, शेजारणीला, सगळ्यांना मी फोनवर हेच सांगायचे आणि शेवटी अशीच हसायचे. तो शेजारी उभा असायचा ना. मागे एक लहान मूल रडत होतं. तसं रडणारं मूल मी जन्मात एकच पाहिलंय.

"हे कधीचं?"

"मागच्या मंगळवारचं. सकाळी अकराचं." बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "नंबर बदलायचा तर दोघांच्या सह्या लागतात. तुमचे मिस्टर देणार नाहीत, कळतंय मला. पण एक फेरतपासणी मिळते. उद्या अकराला मी स्वतः फोन करते. तुमची अडचण खरी आहे असा तिथून होकार आला, तर पैसे जमा. नाही आला, तर फाइल बंद."

दुपारी चिमणी शाळेतून आली आणि चित्र काढत बसली. चारच्या सुमाराला मी तो नंबर लावला. लागणार नाही याची मला खात्री होती.

रिंग गेली.

"हॅलो?"

स्वतःला काय सांगायचं असतं? "मी बोलतेय," एवढंच तोंडातून निघालं. पलीकडे श्वास ऐकू येत होता आणि मूल रडत होतं.

चिमणीने मान वर केली. "आई, कोण रडतंय?"

"कुणी नाही गं. तू रंगव." मी फोनमध्ये विचारलं, "तो घरात आहे?"

"नाही हो, आमच्याकडे सगळं छान आहे."

आणि माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं स्वतःवरचा जो राग गिळला होता तो सगळा तिच्यावर निघाला. "गप्प बस! मला सांगतेस होय सगळं छान आहे? उद्या अकराला बँकेतून फोन येईल. एकदा तरी खरं सांग. सगळं सांग. पोरीसाठी सांग!"

पलीकडचं मूल रडायचं थांबलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "पोरगी माझ्याकडे राहील?"

"तू बोललीस तर राहील."

"मग बोलते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी पैसे जमा झाले, एकूण एक. आनंदाने मी बँकेत सही करायला गेले, तर चष्मेवाल्या बाई मला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"वीस मिनिटं बोलल्या त्या," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं हे काम करते, पण असं कुणी मन मोकळं केलेलं ऐकलं नाही. मग मागे दार वाजलं. पुरुषाचा आवाज आला, कुणाचा फोन? त्या म्हणाल्या, बँकेचा. मग काहीतरी उपटल्यासारखा आवाज झाला. आणि..." त्यांनी माझ्या करंगळीकडे पाहिलं. "किंचाळी तुमचीच होती हो. मी नंतर दहादा फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं सांगतात."

माझी करंगळी ठणकायला लागली. पुसलेला आठवडा एकदम समोर उभा राहिला: आदल्या दिवशीचा तो अनोळखी बाईचा फोन, ती मला ओरडली होती तो. मग अकरा वाजता मी बोलले तो. आणि मग नवरा आत आला.

त्या दिवसानंतर मी त्या कुलपाआड आणखी दोन वर्षं काढली.

नवी खोली छान आहे. कोर्टाच्या बाई बघून गेल्या आणि चिमणी माझ्याकडेच राहिली. तिला स्वतःचा पलंग आहे आणि ती त्याच्यावर झोपते, खाली नाही. मी रोज चार वाजता तो नंबर लावते. लागत नाही. तो एकदा लागला होता, ती समोर होती, आणि मी तिला बँकेचं सांगितलं, पोरीचं सांगितलं, ओरडले सुद्धा. किल्ली पिठाच्या डब्यात आहे, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता?