गिरजाच्या कातडीतलं बिऱ्हाड

मी गिरजाच्या अंगातलं रंगाचं जनुक बोलतोय. कातडीला रंग कसा चढवायचा, याची कृती म्हणजे मी.

तिच्या कातडीच्या पेशीपेशीत माझं बिऱ्हाड आहे; पण काम सगळीकडे नाही. वरच्या पेशी कातडीची भिंत रचतात, खालच्या धागे विणतात. तिथे मी घरजावयासारखा नुसता पडून असतो. रंगपेशी मात्र मला हलवून उठवतात. धसईजवळच्या पाड्यावर गिरजा उन्हात भात झोडायला लागली, की मला उसंत नसायची. तिचा सावळा रंग ही माझी कमाई, आणि तिचा मला भारी अभिमान!

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर पांढरा डाग उठला. तिथल्या रंगपेशीच मेल्या. मला उठवणार कोण? लेक रुपाचं लग्न उन्हाळ्यात ठरलेलं. गिरजाच्या सासूचा, अंबूबाईचा, सुनेवर फार जीव. तिने बिब्बा तापवला आणि त्याचं तेल डागावर लावलं. "कापडाला काळा करतो, कातडीला नाय करनार?"

झालं, आगीतून फुफाट्यात! हात फोडांनी भरला, आणि फोड बरे झाले तेव्हा डाग आणखीच पसरला होता. अंबूबाई चुलीपुढे बसून रडली.

मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जाणं झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई कातडीचा अभ्यास करत होत्या. गिरजाला विचारून त्यांनी डागाचं आणि शेजारचं मुगाएवढं कातडं काढलं. तांदूळ निवडावे तशा निरनिराळ्या पेशी वेगळ्या केल्या आणि कोणत्या पेशीत कोणतं जनुक किती राबतंय, ते ताडून पाहिलं. आजवर माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी तर हरखूनच गेलो.

"इथल्या रंगपेशी गेल्यात," बाई म्हणाल्या. "बाकीच्या पेशींत रंगाचं जनुक आहे, पण झोपलेलं."

गिरजाला एकच विचारायचं होतं. "माज्या हाताचं पोरीला लागंल का वो?"

"शिवल्यानं कधीच लागत नाही."

तरी हळदीच्या दिवशी ती मांडवात मागेच उभी राहिली. बाईंचं म्हणणं डोक्याला पटलं होतं, हाताला नव्हतं.

"आये, तू लावल्याबिगर मी पाटावरून उठनार नाय," रुपा म्हणाली.

"नको गो, तुज्या तोंडाला डाग पडला तर?"

अंबूबाईने पुढे होऊन सुनेचं मनगट धरलं. "माजा आयकून हात जाळलास ना? आता त्या बाईचा आयक!"

गिरजाने हळद घेतली आणि तोच डागाचा हात लेकीच्या सावळ्या गालावर टेकवला. रुपाने तो दोन्ही हातांनी तिथेच दाबून धरला.

त्या डागात मी मुका होतो. पण रुपाच्या गालात मी ऐन कामात होतो. ती पोटात राहिली तेव्हाच गिरजाने मला तिकडे धाडलं होतं. लोकहो, असा डाग दिसला तर हात मागे घेऊ नका, एवढंच माझं मागणं. आईचं लेकीला काही लागलंच असेल, तर तो हा सावळा रंग!