एका टाकीत महिना

"डिझेल आभाळाला भिडू दे, नाहीतर आभाळ फोडून पलीकडे जाऊ दे, माझी गाडी एक दिवस घरी बसायची नाही!" असं म्हणून घड्याळजीने पिकअपच्या बॉनेटवर थाप मारली. थाप मारायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या, ती गोष्ट वेगळी.

शेजारच्या दुकानातला चावीवाला चहा पीत होता. तो म्हणाला, "घरी नाही बसायची, हे खरं. रस्त्यातच बसेल."

चावीवाल्याची जीभ काळी. त्याच संध्याकाळी गाडी भर चौकात बसली. टाकी ठणठणीत कोरडी. मागे बस अडकली, भोंगे सुरू झाले, आणि शेवटी बसमधल्या उतारूंनी खाली उतरून ते धूड कडेला ढकललं. ही तीच बस, जिच्यात लोकांच्या काखेत नाक खुपसून घड्याळजीने अर्धं आयुष्य काढलं होतं. कंडक्टरने त्याला लगेच ओळखलं. "काय सेकंदकाटे! आम्हाला सोडून गेलात, म्हटलं सुखात असाल."

सेकंदकाटा हे नाव त्याला बाजाराने दिलेलं. अंगाने काडी, आणि सदा लगबगीत. असा माणूस एवढी मोठी गाडी घेतो कशाला, असा प्रश्न सगळ्यांना पडायचा. उत्तर साधं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, "दिवसभर भिंग लावून जवळचं बघता, जरा दूरचंही बघत जा." दुसरा कोणी गच्चीवर जाऊन उभा राहिला असता. ह्याने एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या लिलावातून पिकअप उचलली. चार दारं, गुडघ्याएवढी चाकं, आणि मागे असा हौदा, की त्याचं अख्खं दुकान आत मावून वर गिऱ्हाइकाला बसायला जागा उरली असती. ह्या गाडीतून तो रोज कामावर काय न्यायचा? एक भिंग, दोन-तीन चिमटे आणि जेवणाचा डबा.

पण वर बसलं की खरंच दूरचं दिसायचं. कामाच्या वाटेवर एक पूल होता. त्याच्या माथ्यावरून नदीचं वळण दिसायचं, आणि वळणापलीकडे शेतं. बसमधून तिथे त्याला फक्त पुढच्या माणसाची कॉलर दिसायची. आता तो पुलावर गुणगुणायचा. समोरून येणारे ट्रकवाले आपल्यातलाच समजून त्याला हात करायचे, आणि तोही हात करायचा. जन्मभर सगळ्यांना वाट देत आलेल्या माणसाला लोक वाट देत होते. हे सुख डिझेलवर चालतं, एवढीच काय ती अडचण होती.

घरी बायको म्हणाली, "अहो, ह्या महिन्यात तुम्ही घरात काय आणलंत? नुसता धूर!"

नेमका त्या दिवशी मेहुणा आलेला. त्याचं फरशा आणि कमोडचं दुकान. त्याचा डोळा गाडीवर पहिल्यापासून होता.

"दाजी, पेट्रोल किती पिते हो ही?"

"डिझेल," घड्याळजी म्हणाला.

"तेच ते. मी काय म्हणतो, मला देऊन टाका. माझे कमोड बिचारे हातगाडीवरून जातात, पोचेपर्यंत टवके उडतात. बदल्यात माझी स्कूटर घ्या. तुमच्या वजनाला शोभेल."

"जीव गेला तरी देणार नाही."

"जीव कशाला, दर महिन्याला दुकानाची कमाई जातेय तेवढी पुरे," बायको म्हणाली.

न्याय करायला सासूबाई पुढे सरसावल्या. त्या लेकीकडे गुडघा बरा होईपर्यंत राहायला आल्या होत्या. गुडघा बरा होऊन गेला, त्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "भांडू नका. जावईबापू, एक तारखेला टाकी भरा. त्या एका टाकीत महिनाभर कामावर जाऊन-येऊन दाखवा. जमलं तर गाडी तुमची, कोणी चकार शब्द काढायचा नाही. मध्येच संपली तर ह्याची. आणि वाटेत चोरून भराल, म्हणून मी रोज बरोबर येणार."

घड्याळजी कबूल झाला आणि विचाराला लागला. त्याने गाडीकडे घड्याळ म्हणून बघितलं. घोळ झाला तो इथेच.

घड्याळ जड चालायला लागलं की ते उघडायचं आणि आत जे उगाच आहे ते काढायचं, हे त्याचं शास्त्र. त्या हिशोबाने गाडीत बरंच काही उगाच होतं. स्टेपनी निघाली. जॅक निघाला. मागची सीट निघाली, ती दिवाणखान्यात आली. हौद्याचा मागचा फाळका निघाला, तो स्वयंपाकघरात उभा राहिला. प्रत्येक स्क्रू रॉकेलने पुसून त्याने काचेच्या बाटल्यांत भरून ठेवला. बायको दोन दिवस कडाडली. मग ती त्या सीटवर टेकली आणि गप्प झाली, कारण घरात एवढं मऊ दुसरं काहीच नव्हतं. फाळका तिने आडवा टाकून इस्त्रीला घेतला. "हा आता परत मिळणार नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली.

गाडी हलकी झाली. इतकी हलकी झाली, की साध्या गतिरोधकावर तिची मागची बाजू बकरीसारखी उडायला लागली. घड्याळजीचं डोकं छताला, सासूबाईंचं डोकं छताला. तिसऱ्या टेंगळानंतर त्याने गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, ही दगड वाहायला जन्मलेली. मागे वजन टाका, गप्प बसेल."

"अहो, वजन काढलं तेव्हा कुठे डिझेल वाचायला लागलं!"

"मग मानेला पट्टा घ्या. पण तोही महागलाय."

घड्याळजी रात्रभर कूस बदलत राहिला. वजन तर हवं, पण जास्तीचं नको. म्हणजे असं वजन हवं, जे तसंही गाडीतून येतच आहे. सकाळी त्याचा चेहरा उजळला. फक्त हे बोलायचं कसं, हा प्रश्न होता.

"आई," तो म्हणाला, "पुढे काचेतून काय दिसतं तुम्हाला? मागे हौद्यात मोकळी हवा आहे. सगळं गाव बघत बघत येता येईल."

सासूबाईंनी त्याच्याकडे एकटक बघितलं. "वजन म्हणून बसवताय ना?"

घड्याळजी चिमट्याने पकडल्यासारखा झाला.

"बसते. पण ती दिवाणखान्यातली सीट हवी. आणि छत्री."

सीट परत गाडीत आली, फक्त आतल्याऐवजी हौद्यात. बोल्ट बसवायचे तर पुन्हा लोखंड वाढणार, म्हणून घड्याळजीने दुकानातले जुन्या घड्याळांचे चामडी पट्टे काढले, एकाच्या बकलात दुसरा, दुसऱ्याच्या बकलात तिसरा असे अडकवत दोन लांब पट्टे केले आणि त्यांनी सीट हौद्याच्या कड्यांना बांधली. चामडं अस्सल होतं. प्रत्येक पट्टा त्याने दातांत धरून ओढून बघितला.

चावीवाल्याने सगळं निरखून बघितलं. "ह्यांच्यावर मनगट राहतं रे. सासू राहील का?"

"तू कुलपं बघ."

आणि काय सांगावं, सासूबाईंचं नशीबच उघडलं! छत्री उघडून त्या त्या सीटवर अशा बसायच्या, की जणू गाडी त्यांच्या खालून वरातीला निघाली आहे. वाटेवरचे लोक त्यांना हात करायला लागले. पुलाच्या पायथ्याशी सिग्नल होता, तिथल्या ट्रॅफिक पोलिसाने पहिल्याच दिवशी गाडी अडवली. "हौद्यात माणूस बसवायला मनाई आहे."

"मी माणूस नाही, वजन आहे," सासूबाई म्हणाल्या.

पोलिसाने नियम आठवून बघितला. वजनाला मनाई नव्हती. तरी त्याने, "आजी, धरून बसा हो," एवढं म्हटलंच.

दुकानात पोचल्यावर त्या दिवसभर स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना विचारायच्या, "ह्या वयात वेळ बघून काय करणार?" दोघं-तिघं तर घड्याळ दुरुस्त न करताच परत गेले. पण घड्याळजीला त्याचं काही नव्हतं. त्याचं सगळं लक्ष काट्याकडे होतं, तेलाच्या काट्याकडे. वाटेवरचे सगळे सिग्नल त्याने मनात मोजून बसवले होते. कुठला कधी हिरवा होतो हे ठाऊक असल्यामुळे तो ब्रेक न लावता, पाणी वाहावं तसा गाडी वाहू द्यायचा. महिना सरत आला. काटा लालात शिरला, पण उभा होता. परतीच्या वाटेवर संध्याकाळी पुलावर आता दोघंही गुणगुणायची, हा पुढे, त्या मागे. एकदा माथ्यावर त्यांनी छत्रीने टपावर ठोकून गाडी थांबवायला लावली. "काय झालं आई?" "काही नाही. नदी बघू द्या जरा." थांबून पुन्हा निघायला डिझेल जास्त लागतं, हे माहीत असूनही तो थांबला.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. टाकीत जायचं आणि यायचं, एवढंच उरलं होतं. मेहुणा सकाळीच स्कूटर घेऊन घड्याळजीच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. येताना त्याने आपल्या दुकानाच्या नावाची पाटी रंगवून आणली होती, गाडीला लावायला.

इकडे पुलाच्या पायथ्याशी पोलिसाने त्या दिवशी सिग्नल बंद करून हाताने गाड्या सोडायला घेतल्या. पोलिसाच्या हाताचे सेकंद घड्याळजीच्या हिशोबात नव्हते. चढावरच करकचून थांबावं लागलं. मग पोलिसाने हात हलवला, मागून भोंगे वाजले, घड्याळजीने पाय दाबला आणि गाडीने उसळी घेतली.

आज ती चढ कशी चढली म्हणता! पिसासारखी. माथ्यावर घड्याळजीने गाणं धरलं. मागून साथ आली नाही, पण सासूबाई नदी बघत असतील, असं त्याला वाटलं.

दुकानाशी तो ऐटीत उतरला. "ये, बघ ये काटा! अजून उभा आहे. संध्याकाळी घरी पोचलो की विषय संपला. माझ्यावर विश्वास नसेल तर आईंना विचार, कुठे थेंबभर भरलं का ते."

मेहुणा, चावीवाला आणि घड्याळजी तिघंही हौद्याकडे वळले. हौद्यात एक चप्पल होती.

घड्याळजीचा फोन वाजला.

"पोचलात का?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"छान. मी सिग्नललाच आहे."

घड्याळजी चप्पल उचलून गाडीच्या दाराकडे धावला. चावीवाल्याने त्याचा दंड धरला. "थांब, डोकं ठिकाणावर ठेव. हिच्यात परतीपुरतंच आहे. रिक्षाने जा, घेऊन ये, म्हणजे अट राहील."

"अट गेली खड्ड्यात!" असं ओरडून घड्याळजी गाडीत चढला सुद्धा. सिग्नल आले, त्याने एकही मोजला नाही. मेहुणा स्कूटरवर मागे.

पुलाच्या माथ्यावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बसली. काटा पडला होता. घड्याळजीने वर बसूनच समोर नजर टाकली. दूर उताराच्या तळाशी, सिग्नलच्या खांबाजवळ सीट होती, सीटवर छत्री होती, आणि छत्री हलत होती. जिवंत माणसाच्या हातात छत्री जशी हलते तशीच. इतकं दूरचं इतकं स्पष्ट त्याने कधीच बघितलं नव्हतं. तो उतरला आणि पळत सुटला.

खाली पोलीस सासूबाईंना समजावत होता. "आजी, इथे थांबायला मनाई आहे."

"मी थांबले नाहीये. मला ठेवून गेलेत."

घड्याळजी येऊन त्यांच्या पायाशीच बसला. त्याच्या हातात त्यांची चप्पल होती. "लागलं का हो आई कुठे?"

"सीट चांगली आहे हो. सरकतेसुद्धा मऊ." त्यांनी पाय पुढे केला. "तेल संपलं ना?"

"संपलं." त्याने मान खाली घातली. "हरलो."

मेहुणा पाटी काखेत मारून पोचला होताच. "बघ आई, संपली टाकी! आणि वर तुला रस्त्यात सांडलं ह्यांनी. आता गाडी माझी."

"अट कामावर जायची नि घरी यायची होती. मला उचलायला उलटं यायची नव्हती. हा फेरा धरायचा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"हा काय न्याय झाला?"

"तू मला त्या लग्नाच्या हॉलवर विसरला होतास, आठवतं? माझी आठवण तुला दुसऱ्या दिवशी न्याहारीला आली. ह्यांना दुकानाच्या दारात आली, आणि हे पळत आले. गाडी जावईबापूंचीच. फक्त उद्यापासून सीटला बोल्ट लावा."

"आणि आत लावा," पोलीस म्हणाला.

घड्याळजीने सदऱ्याच्या बाहीने भिंगवाला डोळा पुसला, मग दुसराही. मेहुण्याची पाटी सासूबाईंनी मागून घेतली आणि पाय टेकायला खाली ठेवली. "आता असा उभा राहू नकोस," त्या लेकाला म्हणाल्या, "तुझ्या दाजींची गाडी पुलावर उभी आहे. जा, तेल घेऊन ये."

मेहुणा मुकाट्याने डबा घेऊन गेला, पंपावर तासभर रांगेत उभा राहिला, आणि कोणाला काही न विचारता त्याने स्वतःच्या हातांनी डबाभर पेट्रोल पिकअपच्या टाकीत ओतलं.